दोनशे लिटरचं बॅरल किती दिवस पुरतं? : कणकुंबी रस्त्यावरच्या भरतीपूर्व केंद्राचं प्रकरण

खानापूर तालुक्यात, बेळगावच्या पश्चिमेला आणि पलीकडे चंदगडात सैन्यभरतीची तयारी करून घेणारी निवासी केंद्रं आहेत. चालवणारे बहुतेक निवृत्त सुभेदार आणि हवालदार. पहाटे चारला उठवणं, पाचला मैदान, संध्याकाळी अभ्यास, दहाला दिवे बंद. पुढचं प्रकरण अशा केंद्रांची नेहमीची मापं घेऊन बांधलं आहे. म्हणजे जागा नमुन्याची, हिशोब मात्र खरा. आपल्या जागेचे आकडे घालून तो कुणालाही पुन्हा मांडता येईल.

लष्करी ताकद आणि तेल या विषयात भरतीच्या मुलांच्या वसतिगृहाचं काय काम, असं वाटेल. पण ९० मुलं, ८ कर्मचारी, एक बोअर, एक लंगर (सामाईक स्वयंपाकघर), एक डिझेल जनरेटर आणि पावसात कधीही बंद पडणारा एकच रस्ता, ही मापं जवळजवळ सैन्यातल्या एका कंपनीच्या, म्हणजे शंभरेक जवानांच्या तुकडीच्या, चौकीची आहेत. फरक शत्रूचा आणि थंडीचा. चौकीचा तेलाचा हिशोब आपल्यापर्यंत येत नाही, हा वहीत मांडता येतो.

आधीची स्थिती

केंद्र जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात किंजळीची किंवा जांभळाची फांदी तारेवर येते आणि करंट जातो. कधी दोन तासांत येतो, कधी चार दिवसांनी. जंगलातून गेलेली लाइन आहे, लाइनमननं तरी किती ठिकाणी चढावं!

केंद्र सुरू करताना २५ केव्हीएचा, म्हणजे २० किलोवॉटपर्यंत वीज देणारा, तीन फेजचा डिझेल सेट (जनरेटर) घेतला गेला. "मोठाच घ्या, पुढं लागतोय" हा सल्ला प्रत्येकजण देतो. शिवाय चालवणाऱ्यांची सगळी नोकरी जनरेटरच्या आवाजात गेलेली. पलटण कुठंही गेली की आधी जनरेटर उतरायचा, मग तंबू. ती सवय घरी आली.

करंट असताना दिवसाची वीज अशी लागायची. जुन्या चोकच्या ४८ ट्यूबलाइट, चोकसह प्रत्येकी ५० वॉट, ६ तास: १४.४ युनिट. ७५ वॉटचे ३० पंखे, ८ तास: १८ युनिट. (जुलैत पंखा उकाड्यासाठी लागत नाही, पीटीची ओली बनियनं वाळवायला लागतो. हा भार कुणीच मोजत नाही.) मैदानावरचे ४०० वॉटचे चार दिवे दीड तास: चोकसह २.६ युनिट. ३ एचपीची पाणबुडी मोटर, प्रत्यक्षात ३ किलोवॉट ओढणारी, २ तास: ६ युनिट. दोन फ्रिज ३, संगणक, कॅमेरे आणि मोबाइल मिळून ३, लंगरातलं ग्राइंडर १. एकूण ४८ युनिट.

करंट गेला की सेट तीन पाळ्यांत चालायचा: पहाटे अडीच तास, दुपारी पाणी आणि लंगरासाठी दोन, संध्याकाळी साडेतीन. या ८ तासांत भार सरासरी साडेचार किलोवॉट. आणि सेट आहे २० किलोवॉटचा.

सायलेन्सरमधून गळणारं काळं

खरी गोम इथे आहे. या आकाराचा सेट पंधरा किलोवॉटच्या भाराला तासाला साडेचार लिटरच्या पुढेमागे पितो, म्हणजे लिटरला तीन युनिटांहून थोडी जास्त वीज. भार साडेचार किलोवॉटवर आणला तर खप त्याच प्रमाणात उतरत नाही. इंजिन स्वतःला फिरवायलाच तेल खातं. तासाला सव्वादोन लिटर धरले तर लिटरमागे जेमतेम दोन युनिट. रात्री नुसते पंखे आणि फ्रिज, दीड किलोवॉट, यासाठी सेट चालू ठेवला तर लिटरला एक युनिटही पडत नाही. ९० रुपये लिटरनं दिवसाचं युनिट ४५ रुपयांना, रात्रीचं १०० च्या वर.

पैसे जातात ते जातात, सेटही जातो. कमी भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेलं तेल काजळीसकट एक्झॉस्टमध्ये उतरतं. सायलेन्सरच्या सांध्यावर बोट फिरवावं: चिकट, काळं, तेलकट येतं, कोरडी काजळी नव्हे. खाली फरशीवर डांबरासारखे थेंब पडलेले दिसतात. गावातला मेकॅनिक बहुतेक वेळा "ऑइल खातोय" म्हणून रिंग बदलायला सांगतो. रिंग बदलून सहा महिन्यांत तेच, कारण दोष रिंगेचा नाही, भाराचा आहे. उपाय साधा: आठवड्यातून एकदा ४० ते ६० मिनिटं सेट निम्म्याहून जास्त, जमल्यास सत्तर टक्के भारावर चालवायचा. मोटर, ग्राइंडर, पाण्याचे हीटर, सगळं एकदम लावायचं. सुरुवातीला पांढरा-निळा धूर येतो, मग सायलेन्सर स्वच्छ वाजायला लागतो. सिलिंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लायनर, एकदा गुळगुळीत होऊन बसला की मात्र एवढ्यानं भागत नाही.

हाच रोग जगभरच्या अनेक लष्करी तळांवर दिसतो. प्रत्येक तंबूचा स्वतःचा सेट, प्रत्येक सेट सर्वांत मोठ्या भारासाठी घेतलेला, आणि वर्षभर चालतो चतुर्थांश भारावर.

तेलाची वाट

केंद्राला डिझेल खानापूरहून येतं, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. पिकअपमध्ये ३५ लिटरचे तीन कॅन, १०५ लिटर. गाडी लिटरला बारा किलोमीटर देते, म्हणजे १०५ लिटर आणायला ५ लिटर जळले. पाच टक्के, काही वाटत नाही. पण दिवसाला १८ लिटर लागतात, म्हणजे सहाव्या दिवशी पुन्हा फेरी, आणि ती नेमकी ज्या दिवसांत रस्त्यावर झाड पडलेलं असतं त्याच दिवसांत. अंतर वाढवत न्या, घाट घाला, वरून कुणी गोळी झाडणारा बसवा, की याच पाच टक्क्यांचं काय होतं ते दिसतं. अमेरिकी सैन्यानं २००७ च्या अफगाणिस्तानातल्या फेऱ्यांचा हिशोब केला तेव्हा तेलाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मेला किंवा जखमी झाला, असं निघालं. पंपावरचा दर ही तेलाची किंमत नव्हे, हे अशा हिशोबांतून ठळकपणे दिसतं.

बेळगावला हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक व्हायला हवं होतं. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर आलं, १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना सांभाळायला हिंदुस्थानातून फौज आजच्या इराकमध्ये शत-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरली. त्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १८ व्या ब्रिगेडचं नावच बेळगाव ब्रिगेड होतं, आणि तिच्यात ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्याच कुतच्या वेढ्यात हेच मराठे उपाशी राहून शरण गेले. वेढा पडला आणि रसद तुटली, आणि मुळात ते तिथे गेले तेलापायी. बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या (एमएलआय) सेंटरवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा धागा माहीत असेल, कोण जाणे.

साठवणीचं थोडं. डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत, कुठलंही भांडं १००० लिटरच्या वर नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. तेव्हा एक २०० लिटरचं बॅरल ठेवायला कायद्याची अडचण नाही. अडचण पाण्याची. बॅरल उभं ठेवलं की वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं, रात्री गारव्यात बॅरल आत श्वास ओढतं आणि बुचाच्या आट्यांमधून पाणी आत जातं. तळाशी पाणी, पाण्याच्या नि तेलाच्या मध्ये शेवाळासारखा गाळ, आणि ऐन वेळी फिल्टर चोक. बॅरल आडवं, फळीवर, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं ठेवावं. सैन्यात पीओएल, म्हणजे इंधन-वंगण, सांभाळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं.

आधी भार, मग सोलर

इथे बहुतेक केंद्रं चुकतात. विक्रेता छत मोजतो आणि पॅनल सांगतो. ४८ युनिट जुलैत सोलरवर चालवायचे तर चोवीस ते बत्तीस किलोवॉटचे पॅनल आणि तीस युनिटांची बॅटरी लागेल, आणि तरीही काही दिवस कमीच पडेल. मग "सोलर आपल्याकडं चालत नाही" असा निकाल.

म्हणून पहिलं काम बल्ब-पंख्यांचं. ४८ ट्यूबच्या जागी १८ वॉटच्या एलईडी: ५.२ युनिट. पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे): ७.२. मैदानावर १०० वॉटचे चार एलईडी: ०.६. एक फ्रिज बंद: १.५. मोटर ६, संगणक वगैरे ३, ग्राइंडर १. बेरीज २४.५ युनिट. लाखभराच्या आत-बाहेर खर्चात निम्मा भार गेला, एकही पॅनल न लावता. हा टप्पा कुणाला दाखवता येत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून तो वगळला जातो.

मग सोलर. ५४० वॉटचे १५ पॅनल, ८.१ किलोवॉट, जागा सुमारे ४० चौरस मीटर, तोंड दक्षिणेला, कल १५-१६ अंश. मार्चमध्ये किलोवॉटमागे साडेचार-पाच युनिट मिळतात, म्हणजे ३६ च्या वर, भारापेक्षा जास्त. जुलैत दीड ते दोन, म्हणजे १२ ते १६. सलग झड लागली की एकेका दिवशी आठ. घाटमाथ्यावर हिशोब जुलैचाच करायचा. मार्चचा आकडा दाखवणाऱ्याकडून घेऊ नये.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरचे तीन डबे, मिळून १५.४ युनिट, वापरायला १३ च्या आसपास. रात्रीचा भार बारा-तेरा युनिटांचा. जेमतेम आहे, पण आहे. नेहमीच्या ट्यूब्युलर ॲसिड बॅटऱ्या इथे का नकोत? त्यांना आठवड्यातून एकदा तरी पोटभर चार्ज लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो मिळतच नाही, अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट चढतं, आणि दोन पावसाळ्यांत १५० अँपिअर-अवरची बॅटरी साठ-सत्तरची उरते.

इन्व्हर्टर ५ केव्हीएचे दोन, समांतर जोडलेले. जनरेटर काढलेला नाही. त्याचं काम बदललं: तो आता दिवे पेटवत नाही, बॅटरी भरतो. करंट नसलेल्या पावसाळी दिवशी दुपारी सव्वा तास सेट लावायचा. चार्जर ६ किलोवॉट, मोटर ३, ग्राइंडर १, मिळून १० किलोवॉट, म्हणजे सेटचा निम्मा भार. सायलेन्सर कोरडा राहतो आणि लिटरला तीन युनिट मिळतात. साडेबारा युनिटांना सव्वाचार लिटर. झडीच्या दिवशी पावणेदोन-दोन तास, सहा-साडेसहा लिटर.

आता शीर्षकातला प्रश्न. जुन्या पद्धतीनं २०० लिटर ११ दिवस. नव्यानं, चांगले-वाईट दिवस मिळून, ४० च्या आसपास. वाचलेले रुपये ज्यानं-त्यानं मोजावेत. चौकीच्या कमांडरला हवा असतो तो हा दुसरा आकडा, रस्ता बंद झाल्यावर किती दिवस.

काय बिघडतं

मोटर. ३ एचपी थेट सुरू केली की चालताना लागतो त्याच्या पाच-सहापट प्रवाह क्षणभर ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. दोनदा झालं की लोक मोटर पुन्हा जनरेटरवर नेतात आणि सगळं मुसळ केरात. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह, बसवावी, म्हणजे मोटर हळूहळू उचलते. घेताना दोन गोष्टी: मोटर ४१५ व्होल्टची असेल तर तेवढं व्होल्टेज बाहेर देणारीच ड्राइव्ह मागायची, आणि पाणबुडी मोटर ३० हर्ट्झच्या खाली फिरवायची नाही. खाली नेली तर थ्रस्ट बेअरिंगवर पाण्याची फिल्म टिकत नाही, बेअरिंग जातं. मग दोनशे-तीनशे फुटांवरून पाइप वर काढा.

सेट आणि इन्व्हर्टरचं भांडण. भार बदलला की सेटची फ्रिक्वेन्सी हलते. इन्व्हर्टर ते पाहून "करंट खराब आहे" म्हणून नाकारतो आणि चार्जिंग होत नाही, तिकडे सेट रिकामा घुमतो. सेटिंगमध्ये जनरेटरसाठी रुंद मर्यादा निवडावी लागते आणि चार्जिंगचा प्रवाह आकडा घालून बांधावा लागतो. ६ किलोवॉटचा चार्जर एका फेजवर २६ अँपिअर घेतो, सेटची फेजमागची मर्यादा ३५ च्या आत. एका फेजची मोटर असेल तर ती आणि ग्राइंडर उरलेल्या दोन फेजवरच हवेत. सगळं एकाच, आर फेजवर टाकलेलं बोर्ड या भागात सर्रास दिसतं. आणि मीटरला समांतर जोडायचा साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर सेटच्या लाइनवर कधीच सोडू नये. भार कमी झाला की तो सेटमध्येच वीज उलटी ढकलतो.

अर्थिंग. जांभ्याच्या जमिनीत हे सर्वांत फसवं. एप्रिल-मे महिन्यात तांबडी माती कोरडी ठणठणीत, रोध वाढलेला, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. पावसाळ्यात मोजून "पाच ओहमच्या आत आहे" म्हणणाऱ्यानं मेमध्ये पुन्हा मोजावं. दोन-तीन खड्डे, बेंटोनाइट भरून, एकमेकांना जोडलेले, आणि डीसी नि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारा डबा. प्रोटेक्टरच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो संपला. तो बघायचं काम कुणाच्या तरी ड्यूटीत लिहिलेलं हवं, नाहीतर दुसरी वीज थेट इन्व्हर्टरवर.

फणसाची सावली सकाळी नऊपर्यंत पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी ती पूर्ण ओळ खाली ओढते. पावसाळ्यात खालच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं, आठवड्याची फटीग (कामाची पाळी) लावून ओल्या फडक्यानं पुसायचं. वानरांवर उपाय नाही.

इथलं तिथे चालत नाही

हे मांडलं की लगेच "मग लडाखला असंच करा" असं म्हटलं जातं. तसं होत नाही. हीच बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, केली तर आत लिथियमचा थर बसून ती कायमची बाद होते. तिला आधी ऊब द्यावी लागते, आणि ती ऊब कुठून आणायची? उत्तर सिक्कीममध्ये १६,००० फुटांवर २०२१ मध्ये सैन्यानं ५६ केव्हीएचा सौर प्रकल्प सुरू केला तेव्हा आयआयटी मुंबईबरोबर व्हॅनेडियमच्या बॅटऱ्या निवडल्या. लडाखातल्या चुशूलला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा २०० किलोवॉटचा मायक्रोग्रिड तर हायड्रोजनचा: उन्हात पाण्यापासून हायड्रोजन करून साठवायचा, रात्री फ्युएल सेलमध्ये वापरायचा. दोन्ही महाग, दोन्ही डिझेलच्या वाहतुकीशी तुलना केल्याशिवाय परवडणारे वाटत नाहीत. शिवाय तिथला मोठा भार दिव्यांचा नाहीच, उबेचा आहे. बुखारीतलं (खोली तापवणाऱ्या शेगडीतलं) रॉकेल पॅनलनं भागत नाही, भिंतीत ऊन साठवणाऱ्या बांधणीनं थोडं भागतं. आणि डिझेलही तिथे साधं चालत नाही, मेण धरून गोठतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलला उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढावं लागलं.

गाड्यांचं तर वेगळंच. १०० लिटर डिझेल म्हणजे ८४ किलो वजन आणि सुमारे १००० युनिट उष्णता. इंजिननं त्यातलं पस्तीस टक्के कामाला लावलं तरी ३५० युनिट. तेवढ्यासाठी लिथियमची बॅटरी दोन-सव्वादोन टनांची. १४०० अश्वशक्तीचा अर्जुन रणगाडा बॅटरीवर का नाही, याला याहून लांब उत्तर लागत नाही. ऊसपट्ट्यात इथेनॉलचं नाव लगेच निघतं. निपाणी-चिकोडी-अथणीकडे कारखान्यांनी डिस्टिलरीत पैसा घातला आहे. पण इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतं, डिझेलमध्ये धड मिसळत नाही, आणि सैन्याचे ट्रक-रणगाडे डिझेलवर आहेत. देशाचं परदेशी चलन त्यानं वाचेल, ट्रकची टाकी भरणार नाही. टाकीसाठी मंगळूर आणि पादूरच्या खडकातली कच्च्या तेलाची कोठारं आहेत, दीड आणि अडीच दशलक्ष टनांची. कर्नाटकच्या किनाऱ्यावरची ही दोन कोठारं लष्करी ताकदीचाच भाग धरावी लागतात.

पॅनल आणि बॅटरीचे सेल बहुतांश चिनी, मग तेलाऐवजी चीनवर अवलंबून राहायचं का, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. तेल रोज जळतं, ते थांबलं की महिन्यात हात टेकावे लागतात. लावलेला पॅनल पुरवठा थांबला तरी वीस-पंचवीस वर्षं चालतो. अडवणूक नव्या खरेदीत आणि सुट्या भागांत होते.

ती इथेही होते. इन्व्हर्टरचं कार्ड गेलं तर बेळगावात बदलून मिळेलच असं नाही, पुण्याला पाठवलं की पंधरा दिवस. म्हणून केंद्रानं तिसरा ५ केव्हीएचा इन्व्हर्टर जोडून न ठेवता कपाटात ठेवावा, दोन सर्ज प्रोटेक्टर आणि दोन डीसी फ्यूज सोबत. जनरेटरचा जुना हातानं फिरवायचा चेंजओव्हर (लाइनवरून सेटवर नेणारा स्विच) काढू नये, आणि बॅरलवर भरल्याची तारीख ऑइल पेंटनं लिहावी.